संपतचा पिवळा सदरा

वैशाखी पौर्णिमा जवळ आली, की तीर्थपुरीच्या वस्तीतली पांढऱ्या कपड्यांची गाठोडी गिरिजाबाईंच्या ओट्यावर येऊन पडत. विहारात पांढरं घालून जायचं, आणि वर्षभर पेटीत राहिलेलं पांढरं पिवळं पडल्याशिवाय राहत नाही. बाई ते सोड्याच्या कढत पाण्यात भिजवायच्या, भर उन्हात वाळवायच्या, वरून बेताची नीळ द्यायच्या. जास्त नीळ देणाऱ्या बायांची त्या मनसोक्त टिंगल करायच्या.

एकच कपडा मात्र त्यांना दाद देत नव्हता. नवऱ्याचा, संपतचा सदरा.

संपतचं आयुष्य साखर कारखान्याच्या धुरात गेलं, पण पौर्णिमेला त्याचा रुबाब बघत राहावा असा. अकरा वर्षांपूर्वी तो अंथरुणाला खिळला होता. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यानं सदरा धुऊन मागितला. समोर लोकांच्या कपड्यांचा ढीग, बाई वैतागून बोलून गेल्या, "पडून राहणाऱ्याला पांढरं कशाला लागतं?" तो भिंतीकडे तोंड करून निजला आणि पौर्णिमेच्या सकाळी गेला. ते वाक्य बाईंच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

तेव्हापासून दरवर्षी त्या आधी तोच सदरा धुवायला घेत. हा पांढरा झाला, की नवऱ्यानं आपल्याला माफ केलं, असं मनाशी धरलेलं. इतरांना सोडा नि ऊन पुरायचं. ह्याच्यासाठी जालन्याहून खास ब्लीचची बाटली यायची. दुपार कलेपर्यंत कॉलरवर, काखेत पिवळेपणा पुन्हा उमटायचा, मागच्या वर्षापेक्षा गडद. पिळताना ओली बाही मनगटाला वेढा घाली आणि बाईंच्या अंगावर काटा येई. मग त्या हलक्या आवाजात त्याला विचारत बसत, अजून किती रागावायचं? सून दीपमाला ऐकून न ऐकल्यासारखं करी.

यंदा नात भावना सुट्टीला आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. बाटली बघून तिनं कपाळावर हात मारला.

"आजी, तूच त्याला पिवळा करून राह्यलीस. बोअरच्या पाण्यात लोखंड हाय. ब्लीच पडलं की ते कापडातच बसतंय."

तिनं जारचं पाणी कोमट केलं, त्यात लिंबूसत टाकलं आणि सदरा बुडवून ठेवला. दिवस मावळायच्या आत तो दोरीवर पांढराशुभ्र हलत होता.

बाईंनी ओली बाही मनगटाला गुंडाळून पाहिली. नुसतं कापड. तो कधी रागावलाच नव्हता, हे कळून त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण अकरा वर्षं जो रागावून का होईना घरात होता, तोही आता नव्हता. बाईंना घर खायला उठलं.

पौर्णिमेच्या सकाळी सगळे विहारात जायला निघाले, तरी बाई न्हाणीतच. बादलीत बोअरचं पाणी, हातात ब्लीचची बाटली, सदरा बुडालेला. भावना दारातच थबकली.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "रागावलेले तरी असू दे. न्हाई तर मंग मी बोलू कुणासंगं?"