तेल न लावता या

दाजींचा फोन आला तेव्हा मी शिरवळच्या घरात भांडी लावत होते. "तुझी अक्का पडलीय गं. डोळं उघडं हायती, पण बोलंना," एवढंच ते म्हणाले. मी हातातली ताटली जागेवर ठेवली, गॅस बंद आहे का ते बघितलं, नवऱ्याला कंपनीत फोन केला आणि सांगलीची एसटी धरली. रडू नाही, काही नाही. अक्काला जाऊन आता दीडेक महिना होत आला आणि खरं सांगायचं तर मी अजून तशीच आहे... भांडी लावतेय, गॅस बघतेय. लोक म्हणतात, रड बाई, मोकळी हो. रडायला काय नळ आहे, सोडला की येईल?

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुमन. माण तालुक्यातलं आमचं घर मेंढरंवाल्यांचं. आईवडील मेंढरं घेऊन बाहेर असायचे, त्यामुळं माझी वेणी घालण्यापासून पाठीत धपाटा घालण्यापर्यंत सगळं अक्काकडंच होतं. पुढं ती शिकली आणि सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात, डोळ्यांच्या विभागात टेक्निशियन म्हणून लागली. ज्यांना 'दिसतं का' असं विचारून उपयोग नाही, त्यांची नजर मोजायची हे तिचं काम. तान्ही बाळं, बोलता न येणारी मुलं, लकवा झालेली माणसं. डोक्याच्या मागच्या बाजूला पेस्ट लावून तारा चिकटवायच्या आणि समोर पडद्यावर काळेपांढरे चौकोन सारखे जागा बदलत राहायचे. डोळ्यांनी ते टिपलं की मेंदूत अगदी बारीक वीज हलते, ती यंत्रात लाट होऊन उमटते. मग चौकोन लहान लहान करत जायचे. लाट येतेय तोवर नजर पोचतेय. "बघायचं काम मागं चालतंय, पुढं नुस्त्या खिडक्या," असं म्हणून ती घरी आलेल्या पाहुण्यांच्याही मानेच्या वर बोट टेकवायची. पाहुणे दचकायचे.

आता आमच्याकडं मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे माणूस आंघोळ करून, डोक्याला चपचपीत तेल लावून, भांग पाडूनच निघणार. जतहून, आटपाडीहून बाया लेकरांची डोकी निथळेपर्यंत तेल थापून आणायच्या. तेलावर तार काही चिकटत नाही. 'तेल न लावता या' असं आधी सांगून, दारावर लिहूनसुद्धा फरक पडायचा नाही. बिनतेलाचं डोकं घेऊन डॉक्टरापुढं कसं जायचं, बरं दिसतं का ते! एवढ्या लांबून आलेल्या माणसाला 'उद्या धुऊन या' म्हणणं अक्काला जमायचं नाही. तिनं बेसिनजवळ एक निळा प्लॅस्टिकचा मग आणि शाम्पूच्या पुड्या ठेवल्या होत्या. स्वतः डोकी धुवायची आणि धुताना तोंडही चालू. "आवं मावशी, त्याल लावलंय का डोस्कं तळून आणलंय?" मावशी तोंडाला पदर लावून हसायची.

माझी तनू झाली तेव्हा ती कुणाकडंच बघायची नाही. दिवा दाखवा, बांगड्या वाजवा, नजर भलतीकडंच. गल्लीत कुजबुज सुरू झाली. जीव टांगणीला लागला होता माझा. मी तिला घेऊन सांगलीला गेले आणि एवढी टेक्निशियनची बहीण मी, पण टाळू भरून तेल घालूनच नेली. अक्कानं कपाळावर हात मारला. "तू बी?" मग डोकं धुतलं, तारा लावल्या. तनू माझ्या मांडीवर, समोर ते चौकोन, आणि अक्का यंत्राकडं बघत बसलेली. शेवटी मलाच राहवेना.

"अक्का, दिसतंय का गं तिला?"

"पोचतंय. उशिरा, पण पोचतंय. बाकीचं डॉक्टर सांगतील."

"मग मला वळखती?"

"ते मशीनला कळत न्हाई. तू तिच्या म्होरं हुबी रहात जा. काय पोचवायचं ते तुझ्याकडं."

हेच ती सगळ्यांना सांगायची, हे मला मागाहून कळलं. पण मी उभी राहिले बाई. कामं तशीच टाकून उभी राहिले. आणि एका सकाळी तनू माझ्या तोंडाकडं बघून हसली. आज ती जाड चष्मा लावून शाळेत जाते आणि माझ्याशी भांडते.

अक्काच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिच्याच दवाखान्यातल्या अतिदक्षता विभागात ती उघड्या डोळ्यांनी छताकडं बघत पडलेली. केसांचा नुसता काथ्या झालेला. सिस्टरला विचारून मी तिच्या डोक्याला तेल लावलं... हातांना दुसरं काही सुचतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी, डोळ्यांतलं मेंदूपर्यंत पोचतंय का ते बघायला डॉक्टरांनी अक्का करायची तीच तपासणी तिच्यावर करायला सांगितली. यंत्र घेऊन शबाना आली, अक्कानंच शिकवून तयार केलेली मुलगी. तिनं केसांना हात लावला आणि थांबली. खाली डोळ्यांच्या विभागात जाऊन अक्काचा निळा मग घेऊन आली. आम्ही दोघींनी डोकं धुतलं. अक्का काय बोलली असती ते दोघींनाही ठाऊक होतं, पण हसलं कुणीच नाही. शबानानं तारा लावल्या, चौकोनांच्या पडद्याऐवजी डोळ्यांवर लुकलुकत्या दिव्यांचा चष्मा चढवला.

"आलीय लाट," ती म्हणाली. "लय बारीक हाय, पण आलीय."

पुढचा प्रश्न मी विचारला नाही. उठले आणि अक्काच्या नजरेसमोर वाकून उभी राहिले. दाजींना उभं केलं, नवऱ्याबरोबर मागून आलेल्या तनूला उभं केलं. दोन दिवस आम्ही पाळीपाळीनं उभे राहत होतो. तिनं मला बघितलंय एवढंच मला कळायला हवं होतं, दुसरं काही नको होतं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी समोर असतानाच ती गेली. बघितलं का, ते मला अजून माहीत नाही.

मागच्या आठवड्यात तिच्या वस्तू आणायला दवाखान्यात गेले. डबा, स्वेटर, चपला. निळा मगही मी पिशवीत टाकला होता. बाहेर जतकडचा एक माणूस चाकाच्या खुर्चीत आईला घेऊन बसलेला. म्हातारीची वाचा गेलेली, आणि डोक्यावरून तेल कानामागं ओघळतंय. शबाना आत एका बाळाला तारा लावत होती. मी पिशवीतून मग काढला, पाणी कोमट करून घेतलं, म्हातारीची मान एका हातावर तोलली आणि शाम्पू चोळायला लागले.

"आवं ताई, आईला दिसतंय का वो?" त्यानं विचारलं. "मला वळखती का?"

"ते मशीनला कळत न्हाई," मी म्हटलं. "पोचतंय का ते बघतील. तुमी म्होरं हुबं रावा."

त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि आईसमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या तोंडाकडं मला बघवेना. मी पाणी ओतत राहिले.