शिशाचे हत्ती

निजामी अंमलात परभणीच्या एका कचेरीत बन्सीधरपंत नावाचे पेशकार होते. कामात ते यथातथाच, पण साहेबापुढे वाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नवा साहेब आला की पंत घरी शिसं वितळवून मातीच्या साच्यात ओतत आणि कागदांवर ठेवायला एक हत्ती त्याला नजर करत. हत्ती डुकरासारखा दिसे.

शेजाऱ्यांनी आपलं कसब चोरू नये म्हणून हे काम ते स्वयंपाकघरात, दारंखिडक्या लावून करत. धुराने पोरं खोकत. कढई त्यांच्या बायकोची, विमलाबाईंची, भाजीचीच.

एकदा नवा साहेब अचानक येतोय असं कळलं आणि पंतांनी घाईघाईने साचा केला. विमलाबाई म्हणाल्या, "अहो, साचा अजून ओला दिसायलाय. तापल्या तेलात पाणी पडल्यावर काय होतंय, माहीत न्हाई का? अंगणात तरी जावा. पायात जोडा घाला."

"चुलीपुढची अक्कल मला शिकवू नकोस," असं म्हणून पंतांनी अनवाणीच शिसं ओतलं.

फाडकन आवाज झाला. शिसं उसळून त्यांच्या हातापायांवर पडलं. डोळे वाचले, हे नशीब. साहेब आला तेव्हा पंत खाटेवर लहान पोरासारखे रडत होते.

"ती कढई आता तुमचीच," विमलाबाई म्हणाल्या. "सैपाकाला मी ती लावणार न्हाई."

बरे झाल्यावर पंत अंगणात, जोडा घालून, खडखडीत वाळलेल्या साच्यात ओतू लागले. आल्यागेल्याला ऐटीत सांगत, "ओल्या साच्यात शिसं उडतं. हा शोध माझा." बायकोचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.