निवडलेल्या घराला कुलूप असेल तर

डॉ. शालिकराम मेश्राम सर यांच्याशी माझा पहिला परिचय वादातून झाला. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहितानाही तो वाद मिटलेला नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे, सहकारीही नव्हे. कोराडीच्या वीज केंद्रातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला एक गृहस्थ आहे. सरांची विद्यार्थिनी होती ती माझी पत्नी निर्मला. गेल्या हिवाळ्यात ती गेली. हा लेख वस्तुतः तिचा आहे. तो माझ्या हातून का लिहिला जात आहे, याचे उत्तर सरांच्या हटवादीपणात आहे.

सरांनी उभी हयात शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संशोधनपद्धती शिकवली. त्यातही नमुना निवड हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. जिल्ह्यातील सगळ्या शाळा तपासणे शक्य नसते, म्हणून काही निवडायच्या. पण आपल्या सोयीने नव्हे, तर चिठ्ठ्या टाकून. एकदा चिठ्ठी निघाली की ती शाळा बदलायची नाही. तत्त्व एवढेच. कोणीही सभ्य माणूस ते वर्गात शिकवून घरी गेला असता. सरांनी ते लग्नमांडवातही आणले. माझ्या मुलाच्या लग्नात मी काही पाहुण्यांना रीतीप्रमाणे विचारले, ‘‘जेवण कसे झाले?’’ सगळ्यांनी उत्तम म्हटले. शेजारी उभे असलेले सर व्याह्यांच्या देखत म्हणाले, ‘‘साहेब, जे जेवून हात धुऊन राहिले त्यायलेच इचारता. गर्दी पाहून उपाशी गेले त्यायले कोन इचारीन?’’ मला ते अजिबात आवडले नाही. निर्मला मात्र पदर तोंडाला लावून हसत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिने खरोखरच दोन घरी डबे पाठवले.

आता त्या पहिल्या वादाविषयी. निर्मला शाळेत शिकवत असतानाच सरांच्या मार्गदर्शनाखाली चौथीच्या मुलांच्या वाचनक्षमतेवर प्रबंध करीत होती. तिच्या चिठ्ठ्यांमध्ये रामटेकच्या पलीकडच्या एका लहान गावची शाळा निघाली. भर पावसाळ्यात आम्ही स्कूटरवरून तेथे पोहोचलो, तर शाळेत एकटे गुरुजी बसलेले. मुले रोवणीवर, म्हणजे भाताची रोपे लावायला गेली होती. निर्मलाने शेजारच्या गावच्या शाळेत जाऊन काम उरकले. ती शाळा तशीच, वर्गही तेवढाच. मला यात वावगे काही दिसले नाही. आजही कार्यालयीन दृष्टीने दिसत नाही.

सरांना मात्र दिसले. त्यांच्या खोलीत मी निर्मलासोबत बसलो होतो.

‘‘बाई, चिठ्ठी एका गावाची निघाली अन् तुमी दुसऱ्या गावाले काहून गेल्या?’’

‘‘सर, तिथे मुलंच नव्हती. हे गाव अगदी तसंच आहे.’’

‘‘तसंच हाये, हे तुमाले कोनं सांगतलं? तिथचे पोट्टे तं तुमाले भेटलेच नाही.’’

मी मध्ये पडलो. ‘‘सर, पावसात चिखल तुडवत आम्ही गेलो होतो. दोन गावांत अंतर ते किती?’’

‘‘साहेब, तुमी स्कूटर चालवा. हे आमचं काम हाये.’’

असे शब्द मला कार्यालयात कोणीही ऐकवले नव्हते. मी उठून बाहेर आलो. परतीच्या वाटेवर मी आरडाओरडा करीत राहिलो. घराशी आल्यावर निर्मला म्हणाली, ‘‘अहो, येत्या रविवारी पुन्हा जायचं. ओरडून झालं असेल तर पेट्रोल भरून ठेवा.’’ प्रबंध त्या सत्रात पूर्ण होणार नव्हता, हे उघड होते. मला अतोनात संताप आला होता, आणि तो ऐकून घ्यायला तिच्याखेरीज कोणी नव्हते.

रविवारी रामटेकच्या बस स्थानकावर सर आमच्या आधी उभे होते. हातात डबा होता आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ‘‘मुलाखतीले तुमी जासान, चिखलाले मी येतो,’’ एवढेच म्हणाले. शेतात पोहोचल्यावर ते बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, बसले आणि बायकांच्या ओळीमागून एकेका मुलाला आपल्याकडे बोलावू लागले. बहुतेक मुले अक्षर अक्षर लावत वाचत होती. एक मुलगी पुस्तकाला हातच लावीना. सर म्हणाले, ‘‘काहून वं, वाचता येत नाही?’’ ती म्हणाली, ‘‘येते ना. पन हाताले गारा हाये.’’ चिखलाला त्या भागात गारा म्हणतात. निर्मलाने तिचे हात आपल्या पदराने पुसले. मग ती मुलगी उभ्यानेच, कोठेही न अडखळता पूर्ण उतारा वाचून गेली आणि पुन्हा बांधीत उतरली.

येताना निर्मला स्कूटरवर मागून म्हणाली, ‘‘जी मुलं सापडत नाहीत, ती सापडणाऱ्या मुलांसारखी असतील असं धरून चालता येत नाही. चांगल्या अर्थानेही नाही आणि वाईट अर्थानेही नाही.’’ ते वाक्य सरांचे होते की तिचे, मला ठाऊक नाही. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात ते आहे.

निर्मला गेल्यानंतर पहिले काही दिवस मनीषनगरच्या आमच्या घरी माणसांची रीघ होती. सगळे सद्भावनेनेच आले होते, आणि जवळजवळ प्रत्येकाने तिच्या जागी काहीतरी सुचवले. कोणी स्वयंपाकाला बाई, कोणी ज्येष्ठांचा हास्यवर्ग. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, बंगळूरला या, तिथेही असाच फ्लॅट आहे.’’ असाच! मी सर्वांचे आभार मानले आणि पुढच्या जाळीच्या दाराला आतून कुलूप लावले.

अशात ग्रंथ समितीच्या सचिवांचा फोन आला. सरांची अट अशी होती की, लेखक समितीने निवडायचे नाहीत. ‘‘कौतुक करनारेच घेतले तं कौतुकच निघन,’’ असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांच्याकडे संशोधनाला आलेल्या सर्वांची, मध्येच सोडून गेलेल्यांचीही, नावे घालून चिठ्ठ्या काढल्या गेल्या. त्यांत निर्मलाचे नाव निघाले. सचिव संकोचून म्हणाले, ‘‘काका, ते नाव आधीच वगळायला हवं होतं. काळजी करू नका, आम्ही त्या जागी दुसरी चिठ्ठी काढतो.’’ मी ‘ठीक आहे’ म्हणालो. फोन ठेवल्यावर मला ते मुळीच ठीक वाटेना.

यानंतर सर आले. सकाळी आले, मी दार उघडले नाही. मग एका संध्याकाळी आले, तेव्हाही नाही. शेजारच्या कुंदाताईंना मोठ्या आवाजात सांगून गेले, ‘‘पुन्हा येतो. येळ बदलून येतो.’’ हाही त्यांचा नियमच आहे. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारच्या घरात शिरायचे नाही. वेगळ्या वेळी पुन्हा यायचे. तिसऱ्या खेपेला ते भर दुपारी, नागपूरच्या उन्हात, काठी टेकत आले. मी कुंड्यांना पाणी घालत होतो, त्यामुळे सापडलो.

‘‘सर, आपण या उन्हात कशाला आलात?’’

‘‘दोन डाव आलो तं तुमी भेटले नाही.’’

‘‘मी बाहेर गेलो असेन.’’

‘‘चप्पल दिसून राहिली होती, साहेब.’’

‘‘मी हल्ली कोणाला भेटत नाही.’’

‘‘म्हून तं आलो. जे भेटतात त्यायच्याकडे मले काय काम?’’

मी चहा केला. सरांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. ‘‘साखर कमी हाये. बाई बरोबर टाकत.’’ पंचाहत्तरीच्या माणसाने असे बोलावे का? पण एवढ्या महिन्यांत कोणी माझ्यासमोर तिच्याविषयी इतके साधे काही बोलले नव्हते. मी साखरेचा डबा आणून पुढे ठेवला. सरांनी साखर घालून कप संपवला.

मग म्हणाले, ‘‘समितीवाले दुसरं नाव घेतो म्हणतात. म्या नाही म्हटलं. चिठ्ठी बाईची निघाली, पान बाईचंच राहीन. या घरून जे येईन ते छापा. काही नाही आलं तं वर नाव टाका अन् खाली कोरं सोडा.’’

‘‘सर, छापील ग्रंथात कोरे पान शोभत नाही.’’

‘‘मंग तुमी पाहा,’’ असे म्हणून ते काठी शोधू लागले.

समिती या कोऱ्या पानामुळे किती त्रस्त झाली, ते मला सचिवांकडून कळले आहे. माझी त्यांना पूर्ण सहानुभूती आहे. परंतु निर्मलाच्या नावाखाली दुसऱ्या कोणाचा मजकूर मला चालला नसता, आणि कोरे पानही पाहवले नसते. मेश्राम सरांना हे ठाऊक होते, असा माझा वहीम आहे. म्हणून मी लिहिले. यात सरांविषयी पुरेसे कौतुक नसेल, तर तो त्यांच्याच पद्धतीचा परिणाम समजावा.

सरांना दीर्घ आणि निरामय आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, कारण कुलूप लावून बसलेली घरे या शहरात पुष्कळ आहेत आणि सर ऐकणार नाहीत. यापुढे त्यांनी कृपया उन्हात येऊ नये. सकाळी यावे, संध्याकाळी यावे. दार उघडे असते. साखरेचा डबा आता बाहेरच्या खोलीत ठेवला आहे.