तोतयांची जोडी

माझी धाकटी बहीण आयुष्यभर एकाच गोष्टीची वाट बघत बसली: काहीतरी चुकावं. तिचं स्वतःचं नव्हे, विश्वाचं. पदार्थविज्ञानाचा जो सिद्धान्त पन्नासेक वर्षं कंटाळा येईपर्यंत बरोबर येतोय, तो कुठेतरी खोटा पडावा, एवढीच तिची माफक अपेक्षा. लग्न न करायला आमच्या घराण्यात याहून बरं कारण आजवर कोणी दिलेलं नाही.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं. जड मेसॉन नावाचा एक कण असतो. अवाढव्य यंत्रात कणांचे दोन झोत एकमेकांवर आपटले की तो जन्मतो आणि पापणी लवायचा विचार मनात येण्याआधीच मोडतो. बहुतेक वेळा चारचौघांसारखा मोडतो. वीस लाखांतला एखादाच जगावेगळा मोडतो, आणि त्यातून कधी इलेक्ट्रॉनची जोडी निघते, कधी म्यूऑनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्याच वजनदार चुलतभावाची. सिद्धान्त म्हणतो, दोन्ही जोड्या सारख्याच संख्येने निघायला हव्यात. धाकटीने मोजल्या तेव्हा इलेक्ट्रॉनच्या जास्त भरल्या. फार नाही, पण ज्यांचं आयुष्य असल्या मोजण्यात जातं त्यांची झोप उडावी इतक्या.

मग काय, नाव झालं. तिचे विभागप्रमुख एकेकाळी तिच्याच हाताखाली शिकलेले. पाठीमागे सगळे त्यांना सरकार म्हणत. ते देशोदेशी व्याख्यानं देत फिरू लागले. मोजायला धाकटी, मिरवायला सरकार. आमची वहिनी तोवर "नणंदबाई कॉम्प्युटरवर काहीतरी करतात" असं सांगायची. ती आता निसर्गाचा नियम मोडणाऱ्या नणंदेबरोबर फोटो काढून घेऊ लागली.

नव्या, मोठ्या मोजणीतही तेच निघालं की शिक्कामोर्तब होणार होतं. निवृत्तीआधीची तिची ही शेवटची मोजणी. या लोकांत एक रीत आहे, आणि ती मला त्यांच्या सगळ्या समीकरणांहून शहाणी वाटते. उत्तर जिथे दडलंय तो आकड्यांचा भाग झाकून ठेवायचा. त्याला ते पेटी म्हणतात. कोणती चाळणी लावायची, काय धरायचं, काय टाकायचं, हे सगळं ठरल्यावरच पेटी उघडायची. आधी डोकावलं की माणसाला हवं तेच सापडतं. सुनेच्या कामात खोट शोधणाऱ्या सासवांचा अनुभव हाच आहे.

पेटी उघडायला थोडे दिवस उरले असताना धाकटीने पेटीबाहेरच्या, उघड्या आकड्यांवर चाळणी जरा बारीक करून पाहिली. इलेक्ट्रॉन कमी व्हायचे तेवढे होऊन थांबले नाहीत, गळतच राहिले. ते इलेक्ट्रॉन नव्हतेच. दुसरेच कण यंत्रात इलेक्ट्रॉनची सोंगं घेऊन शिरत होते. एकटा तोतया पकडायची सोय तिने पूर्वीच केली होती. पण दोन तोतये जोडीने आले, आणि इलेक्ट्रॉनचं जोडपं म्हणून खपून गेले, तर? हा विचार एवढ्या हुशार माणसांत कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. तिच्याही नाही.

त्यानंतर आमच्या घरी रोज दूध उतू जाऊ लागलं.

"तोतये काढले तर तुझं काय उरतं?" मी विचारलं.

"कदाचित काहीच नाही. जुना निकालही जाईल." गॅस पुसत ती म्हणाली, "वहिनीला तू सांग, ताई."

सरकार स्वतः घरी आले. वाळलेल्या कपड्यांचा ढीग बाजूला सारून खुर्चीत बसले.

"मॅडम, पेटी ठरल्या दिवशी उघडू. तोतयांचं मागाहून बघता येईल. आकडा बरोबर आला तर त्यांना कोण विचारतंय?"

"बरोबर म्हणजे कोणता रे?"

सरकारांनी चहा ढवळला. साखर घातलीच नव्हती.

"तुमच्याच पायावर धोंडा पाडून घेताय. आणि तुम्ही तर आता निवृत्त होणार."

"मी होईन. तोतये होणार नाहीत."

तिच्या होकाराशिवाय पेटी उघडता येत नव्हती, आणि तोतये वेचून होईपर्यंत तो ती देणार नव्हती. सरकारांनी दोन व्याख्यानं रद्द केली, म्हणजे त्यांचं केवढं नुकसान झालं बघा.

तोतये वेचून झाल्यावर पेटी उघडली ती आमच्या जेवणाच्या टेबलावर. बैठक कॉम्प्युटरवर होती. वहिनी ठेवणीतले कपडे घालून आली आणि कॅमेऱ्यात दिसेल अशी बसली. धाकटीने बटण दाबलं. पडद्यावर दोन आकडे आले, इलेक्ट्रॉनचा आणि म्यूऑनचा. जुळी भावंडं परवडली, इतके सारखे.

मग सरकारांचा आवाज आला. "मॅडम, कुठे चूक तर नाही ना?"

"होती. काढून झाली."

वहिनी माझ्या कानाशी लागली. "म्हणजे झालं काय?"

"काही नाही. नियम ठणठणीत आहे."

"मग यांनी एवढी वर्षं केलं काय?" हे ती जरा मोठ्यानेच म्हणाली. पलीकडच्या चाळीस माणसांनी ते ऐकलं, आणि पडद्यावरचे त्यांचे चौकोन एकेक करून मिटू लागले.

जुन्या निकालाची दुरुस्ती छापायची होती. सरकारांनी मसुदा पाठवला: नव्या मोजणीत अधिक काटेकोर पद्धत वापरली असून आधीच्या निष्कर्षांचा पुनर्विचार आवश्यक ठरतो. शब्द असे की चूक कोणाची हे चूक करणाऱ्यालाही कळू नये.

धाकटीने ते सगळं खोडलं आणि लिहिलं, आमची आधीची मोजणी चुकीची होती. खाली कारण. त्याखाली नावं, पहिलं तिचं.

"सरकारांचं?" मी विचारलं.

"विचारलं मी. म्हणे, 'विचार करून कळवतो.'" तिने जरा वेळ वाट पाहिली. मग त्यांच्या नावाची जागा मोकळी ठेवून पाठवून दिलं, आणि टेबलावर डोकं टेकलं. मी पंखा लावला आणि वहिनीला दारापर्यंत सोडायला गेले.