सहाव्या मजल्यावरचा कौल

पालेगावातल्या बनूबाईच्या शेतावर आता टॉवर आहे. त्यातल्या सहाव्या मजल्यावर तिचा जीव रमेना.

"कौल लावायचाय," ती म्हणाली. जन्मभर तिनं सगळं असंच ठरवलं होतं: देवाच्या दगडाला दोन ओली फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

उल्हासनगरची सून सोनिया जुन्या घराच्या छपराचं कौल घेऊन आली.

"येडे, हा कौल देवाचा असतो!" बनूबाई खवळली, मग हसत सुटली. बाल्कनीत तेच कौल उभं करून तिनं फुलं चिकटवली आणि डोळे मिटले. "इथं राहू का?"

झोपाळू वारा आला, गेला. एकही फूल पडलं नाही.

"देव विचारात पडलाय. तोवर राहते."

फुलं सुकून पडू नयेत म्हणून ती रोज सकाळी त्यांच्यावर हळूच पाणी शिंपडते.