माटोळीचे हूक

सगुणबाब जळका माणूस. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. तसा माणूस वाईट नव्हे. कुणाचं कधी नुकसान केलं नाही, कुणाच्या मयताला चुकला नाही. पण दुसऱ्याच्या टेबलावर चहा आधी गेला की याच्या पोटात दुखायला लागायचं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर अख्ख्या ऑफिसाला दिसायचं.

डिचोलीला बाजाराच्या वरच्या अंगाला आमचं ऑफिस होतं. डिचोली आणि पेडणे, दोन्ही तालुक्यांतली नवी बांधकामं तपासायचं काम आमच्याकडे. मी टायपिस्ट, सगुणबाब ओव्हरसियर. धारगळचा. सायकलीच्या दांड्याला टेप अडकवून तो साइटवर पोचला की ठेकेदार आधी खुर्ची पुसायचा. जिन्याच्या पायऱ्या सारख्या आहेत की नाहीत हे तो चढताना पायानेच ओळखायचा. "सगुणबाबान बघितलां म्हणजे झालां," असं गवंडी म्हणायचे आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

सुमंगला आमच्याकडे लागली ती पणजीहून डिप्लोमा घेऊन. हळर्णची, शेतकऱ्याची मुलगी, दोन वेण्या घालायची. टेपचं दुसरं टोक धरायला सगुणबाबनेच तिला शिकवलं. पहिली दोन-तीन वर्षं तो तिला "आमची सुमंगला" म्हणायचा. ती त्याच्या मागून चालत होती तोवर त्याला तिचं कौतुकच होतं.

मग सत्त्याऐंशी साल आलं. कोकणी राजभाषा झाली, पाठोपाठ गोवा राज्य झालं. आमच्या ऑफिसात सकाळचा चहा भांडणाशिवाय प्यायला जात नव्हता. सगुणबाब कट्टर मराठीवाला, मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडलेला, आणि घरी बायकोशी भांडायचा ते मात्र धारगळच्या बोलीत. या सगळ्या धामधुमीत साहेबांनी एक दिवस सांगितलं की बांधकामाच्या सुरक्षेचे नियम शिकवायचा पुण्याला वर्ग आहे, आपल्या ऑफिसातून एकाला पाठवायचंय, कोण जाईल?

सगुणबाब खुर्चीत मागे रेलला. "माका आता शाळेत बसूचा वय हा काय, साहेब?" म्हणाला आणि हसला. आम्ही सगळेही हसलो.

त्याला वाटलं होतं, साहेब आग्रह करतील. तुमच्याशिवाय दुसरं कोण, असं म्हणतील. मग तो एकदा नाही म्हणेल, दुसऱ्यांदा जरा विचार करतो म्हणेल, आणि तिसऱ्यांदा बॅग भरेल. आमच्याकडे जेवायला वाढतानासुद्धा माणूस पहिल्यांदा नकोच म्हणतो. पण साहेब होते बाहेरचे. नको म्हणजे नको असंच त्यांना समजायचं. "ठीक आहे," ते म्हणाले, "सुमंगला, तू जाशील?" ती सरळ हो म्हणाली.

त्या दिवशी सगुणबाबने डबा उघडला नाही. मला म्हणाला, "चंद्रावती, पोर अजून शाणी नाय. पुण्यात हरवतली."

ती हरवली नाही. परत आली ती पिवळं हेल्मेट घेऊन. वेण्या जाऊन अंबाडा आला होता आणि बोलण्यात एक नवाच ठामपणा. स्लॅब ओतायच्या आधी सळ्या दाखवल्याशिवाय ती परवानगी देईना. ओल्या स्लॅबला खालून दिलेलं फळ्या-टेकूंचं सेंट्रिंग लवकर काढलं की काम थांबवायची. दुकानाच्या माळ्याला दुसरा जिना कुठे आहे म्हणून विचारायची. लोक आधी वैतागले. "चार घरांच्या गावात आग लागता कधी?" असं एक व्यापारी तिला म्हणाला. तिने शांतपणे सांगितलं, "लागल्यार खंयच्यान भायर येतलात तां दाखवा." त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि जिना केला.

आणि माटोळीचे हूक. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, निरफणस, तोरिंग, रानातली फळं बांधतात, ती आमची माटोळी. पूर्वी ती घराच्या वाशांना बांधायचे. आता घरोघर स्लॅब आले, तेव्हा स्लॅबमध्येच चार हूक सोडायची पद्धत पडली. ते हूक आतल्या सळ्यांना बांधायला हवेत, नाहीतर एवढा भार ते धरत नाहीत. पुण्याच्या पुस्तकात माटोळी कुठून असणार? ते सुमंगलेने आपल्या डोक्याने काढलं. नव्या घरात गेली की म्हणायची, हुकांना वाळूची पोती टांगून दाखवा. लोक हसले, पण पोती टांगायला लागले. एका घरी पोतं खाली आलं, तेव्हापासून हसणंही थांबलं.

मग ठेकेदार विचारायला लागले, "सुमंगलाबाय कधी येतली?" सगुणबाब साइटवर गेला तरी विचारायचे. खुर्ची पुसायचे, पण हा प्रश्न विचारत पुसायचे. सगुणबाबला ते जिव्हारी लागायचं. त्याने म्हापशाहून स्वतःच्या पैशांनी हेल्मेट आणलं. ते त्याच्या डोक्याला बसेना, नुसतं वर राहायचं. मी हसले तर दोन दिवस बोलला नाही. तिने मुकादमाला काही समजावलं की हा मागे उभा राहून म्हणायचा, "हां आमी आधीपासून सांगताव." सांगत होता हे खरंच. पण आता तिचं ऐकत होते, आणि तेच त्याला सोसत नव्हतं.

याच सुमारास त्याने धारगळला हायवेच्या आत नवं घर बांधायला काढलं. जुन्या घरात चतुर्थीला माणसं मावेनात, म्हणून पुढच्या वर्षी कुटुंबाचा गणपती सगुणच्या घरी आणायचा असं भावांनी ठरवलं. धाकट्या भावाच्या घरी मोठ्याने देव घेऊन यावा, हा केवढा मान. सगुणबाबची छाती फुगली. पहिल्यांदा त्याला कुणाचा हेवा करायची गरज उरली नव्हती.

नियम असा की आमच्यापैकी कुणाचं घर असेल तर ते दुसऱ्याने तपासायचं. दुसरं म्हणजे सुमंगला. तिने आपल्या घरात येऊन आपल्या सळ्या मोजायच्या? ती हळर्णला लग्नाला गेलेला रविवार गाठून त्याने स्लॅब ओतून घेतला. काम मात्र चोख केलं. हूक स्वतःच्या हाताने सळ्यांना बांधले.

स्लॅबखालचं सेंट्रिंग निघालं आणि थोरला भाऊ विठ्ठल वास्कोहून घर बघायला आला. तो बंदरात कामाला. त्याने वर बघितलं, हूक बघितले, मग भिंतीकडे बघितलं. "आमचो देव उगवतीक तोंड करून बसता," तो म्हणाला. "हय बसलो तर दक्षिणेक बघतलो."

सगुणबाबने देव दारासमोर बसवायचं ठरवलं होतं, रस्त्यावरून दिसावा म्हणून. हेही जळक्या स्वभावाचंच. विठ्ठल ऐकेना. "जमत नसात तर जुन्याच घरात बसवया," म्हणाला. ते ऐकून सगुणबाबने दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला, जुने हूक कापले, आणि दुसऱ्या भिंतीजवळ स्लॅबला खालून छिन्नीने दोन बोटं खोल भोकं पाडून नवे हूक सिमेंटने चिकटवले. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर सगुणबाबने त्याचं काम बंद पाडलं असतं. पोती टांगून बघायला तरी हवी होती. पण पोती टांगायची ही सुमंगलेची रीत. ती आपल्या घरात नको.

चतुर्थीला मला बोलावणं होतं. सुमंगलेलाही होतं, सगुणबाबच्या बायकोने, पार्वतीने, परस्पर दिलेलं. पार्वती बांद्याकडची, माटोळीला माटवी म्हणणारी. "आमची माटवी कशी दिसता ती बघूक येवा," असं तिने बाजारात तिला सांगितलं होतं. सगुणबाबने दारात तिला "ये गो" म्हटलं, पण तोंड कडू.

घर भरलं होतं. माटोळी नेहमीपेक्षा मोठी, कारण नवं घर. विठ्ठलने वास्कोहून अननस आणले होते, तेही बांधले. सुमंगलेने देवाला नमस्कार केला आणि सवयीने तिची नजर वर गेली.

"सगुणबाब, हूक?"

"सळयेक बांधलेले आसत," तो म्हणाला. "माझ्या हातान."

मी तिच्या शेजारीच उभी होते. मला वाटलं, आता ही पोती मागणार, आणि आज इथे देवासमोर भांडण होणार. पण ती हसली. "तुमी बांधल्यात, मगे झालां," म्हणाली. सगळ्या तालुक्यात कुणाच्या शब्दावर न विसंबणारी ही बाई, त्याच्या एका शब्दावर पदर खोचून फुगडीला उभी राहिली.

फुगड्या सुरू झाल्या. पार्वती, तिच्या जावा, सुमंगला, पोरीबाळी, सगळ्यांचा फेर माटोळीच्या खालपर्यंत येत होता. मी बसून बघत होते, म्हणून मला सगुणबाब दिसला. तो फुगडी बघत नव्हता. त्याची नजर माटोळीच्या एका कोपऱ्यावर होती. मग मलाही दिसलं. सुपारीचा घोस मघाशी भिंतीवरच्या रंगाच्या पट्ट्याला टेकून होता, आता पट्ट्याच्या खाली आला होता. हूक सरकत होता.

तो खरं न सांगताही सगळ्यांना बाहेर काढू शकला असता. फराळाला चला, म्हणाला असता तरी चाललं असतं. पण त्याला दुसरं काही सुचलंच नसावं.

"भायर व्हा," तो ओरडला. "सगळी भायर व्हा. हूक चिकटवलेले आसत. मी खोटां बोललंय."

फेर तुटला. बायका पोरींना ओढत व्हरांड्यात गेल्या. विठ्ठल आणि पुरुषमंडळींनी माटोळी हातांवर तोलली. सुमंगला बाहेर गेली नाही. तिने बांबू मागवले, चार कोपऱ्यांना उभे करून दोर बांधायला लावले. मग स्टुलावर चढून सुटत आलेल्या हुकाला हात घातला. मुळा उपटावा तसा तो तिच्या हातात आला. तिने तो सगुणबाबच्या हातावर ठेवला. मग ती पुढच्या हुकाकडे वळली. हे सगळं विठ्ठलसमोर झालं, ते सगुणबाबला जास्त लागलं असणार.

दुसऱ्या दिवशीपासून धारगळभर एकच गोष्ट. सुमंगलाबाय होती म्हणून घर वाचलं. कोण ओरडलं, हे कुणी सांगत नव्हतं. सगुणबाब ऑफिसात येऊन मला म्हणाला, "आरडलंय तां मी, आणि नाव तिचां?" मी म्हटलं, "आणि चिकटवले कोणी?"

दिवाळीनंतर सुमंगलेने पेडण्याला गवंडी आणि मुकादमांचा वर्ग घेतला. पुण्याला जे शिकली ते इथल्यांना सांगायचं म्हणून. हुकांचं सगुणबाबने बोलावं, असं तिने त्याला विचारलं. या वेळी तो पहिल्याच हाकेला हो म्हणाला. मी चहाची व्यवस्था बघायला गेले होते. फळ्यावर तिने नियम लिहिले, आकृत्या काढल्या. लोक जांभया देत होते. मग हा उठला आणि स्वतःच्या घराची गोष्ट सांगायला लागला. छिन्नी कशी लावली, सिमेंट कसं भरलं, घोस कसा सरकला. एक माणूस हलला नाही.

संपल्यावर सगळे गवंडी त्याच्याभोवती. चिकटवलेल्या हुकांचं आता काय करावं, कापलेले जोडता येतात काय, तुमी येवन बघशात? सुमंगलेजवळ कुणीच नव्हतं. ती फळा पुसत होती. सगुणबाब उत्तरं देत होता, पण मान सारखी तिच्याकडे वळत होती. तो काय शोधत होता, मला नेमकं ठाऊक होतं. इतकी वर्षं ते मी त्याच्याच चेहऱ्यावर पाहिलं होतं.

सुमंगलेने फळा पुसून झाल्यावर मागे वळून त्या घोळक्याकडे पाहिलं आणि तिचं सगळं तोंड आनंदाने फुललं. चहाचा पहिला पेला तिने स्वतः उचलून त्याला नेऊन दिला.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला होता. मी विचारलं, काय झालं, आज तर सगळं तुझ्या मनासारखं झालं.

"तिका कायएक वाटाक नाय गो," तो म्हणाला.

आता दोघंही निवृत्त झाली. पण सुमंगलेला त्या दिवशी आपला हेवा वाटला नाही, याचा हेवा सगुणबाबला अजून वाटतो.