माय, दिसी ऱ्हायनू का?

नंदुरबारात एकाचं राऊटरचं दुकान आहे, पण दुकानात बसून तो राऊटर विकत नाही. ‘कोणता घेऊ?’ विचारलं की म्हणतो, ‘पहिले घर दखू द्या, भाऊ.’

गिऱ्हाइकाच्या घरी आला की आधी लहान राऊटर जोडायचा, गावाकडच्या आईला व्हिडिओ कॉल लावायचा आणि फोन समोर धरून सगळ्या खोल्यांतून फिरायचा. ‘माय, दिसी ऱ्हायनू का?’ कुठे चित्र अडकलं, तर त्याहून मोठा राऊटर द्यायचा. अशाने त्या माउलीने गावातून न हलता अर्ध्या शहराची स्वयंपाकघरं पाहिली होती. आमच्याकडे ती मध्येच म्हणाली, ‘त्यासनी तुळस सुकी गई. पानी घालाले सांग.’ माझ्या आईने मुकाट्याने तांब्या उचलला.

यंदा होळीनंतर त्याची आई वारली. परवा आमचा राऊटर जळाला म्हणून तो आला. नवा जोडला, सवयीने फोन काढला, मागच्या अंगणात पसरलेल्या मिरच्यांपाशी गेला आणि तिथेच थांबला. फोन हातात तसाच.

माझ्या आईने चष्मा लावला, आपला फोन घेऊन ती आतल्या पलंगावर बसली आणि तिथूनच ओरडली, ‘माले लाव रे!’

त्याने लावला. मग हळूच म्हणाला, ‘दिसी ऱ्हायनू का?’

‘दिसी ऱ्हायना,’ आई म्हणाली. ‘पन कितला वाळी गया रे तू!’